कातेल्लोचा गुडघा आणि झुकिनीच्या शेवया

सत्तर ग्रॅम हा आकडा ऐकल्यावर कातेल्लो इंपारातो आधी मोकळेपणानं हसला. उत्तरेकडच्या माणसांना विनोद जमत नाही असं तो आजवर मानत आला होता आणि समोर बसलेली आहारतज्ज्ञ पोरगी बेर्गामोची होती. बिचारीचा पहिलाच प्रयत्न दिसतोय, दाद द्यावी, एवढाच त्याचा हेतू. पण पोरगी काही हसेना.

"सत्तर ग्रॅम. कोरडा पास्ता," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा."

"एका माणसाला?"

"एका माणसाला."

कातेल्लोच्या घरी पास्ता शिजला की नाही हे बघायला भांड्यातून जेवढा उचलून तोंडात टाकतात, तो सत्तर ग्रॅम भरला असता. त्यानं खुर्चीत जरा सावरून बसायचा प्रयत्न केला, पण उजवा गुडघा कळवळला आणि तो होता तसाच बसला. सगळं प्रकरण त्या गुडघ्यापायीच तर चाललं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्याच्या यादीत त्याचं नाव दोन वर्षं दोन महिने सरकत सरकत आता वर आलं होतं, आणि बारा सप्टेंबर ही तारीख मिळाली होती. सर्जननं अट एकच घातली होती. वजन आत्ता एकशे सहा आहे, बारा सप्टेंबरला ते पंचाण्णवच्या खाली हवं. नसलं तर नाव पुन्हा यादीच्या तळाशी. म्हणजे आणखी दोन वर्षं. कातेल्लो राहायचा चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

"मग उरलेले सहा दिवस मी जेवायचं काय?"

"झुकिनी," पोरगी म्हणाली. "स्पॅगेटीसारखी लांब लांब कापायची. वरून तोच टोमॅटोचा रस, तीच तुळस. मेंदूला फरक कळत नाही."

"कुणाच्या मेंदूला?"

यावर तिनं एक छापील कागद पुढे केला. त्यावर एक बाई पांढऱ्या ताटातल्या हिरव्या शेवयांकडे बघून हसत होती. कागद घडी करून खिशात ठेवताना कातेल्लोच्या मनात आलं, ही बाई नक्की पगारी असणार.

आता हा माणूस कोण, हे सांगायला हवं, नाहीतर त्याचं दुःख अर्धंच कळेल. तोर्रेपियाना हे गाव नेपल्सच्या दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमट्यात सापडलेलं. गावात पास्त्याचे सात कारखाने. त्यातल्या एका जुन्या कारखान्यात कातेल्लो सव्वीस वर्षं माल तपासायच्या खात्यात होता. रोज सकाळी अकरा वाजता आदल्या दिवशीचा माल उकळून तिघांसमोर यायचा. हे तिघं चावून, डोळे मिटून, निकाल द्यायचे. तिघांत कातेल्लोच्या दातांना मान मोठा. 'कातेल्लोनं चावला' म्हणजे माल बाहेर जायला मोकळा. अशा माणसाला झुकिनी खायला सांगणं म्हणजे चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला यापुढे कंगव्यावर कागद लावून वाजव म्हणण्यासारखं होतं.

पण गुडघा गुडघा असतो. कातेल्लोनं बाजारातून यंत्र आणलं. एखाद्या हत्तीला शाळेत घातलं तर त्याच्या पेन्सिलीला टोक काढायला जे लागेल, तसं ते दिसत होतं. एका बाजूला झुकिनी टोचायची, दुसऱ्या बाजूला दांडा फिरवायचा. पहिल्या झटक्यात अंगठ्याचा टवका निघाला. दुसऱ्या खेपेला मात्र हिरवी शेवई अशी काही सुटली की टेबलावरून खाली, तिथून फ्रीजपर्यंत, तुटता तुटेना. कातेल्लोला त्या क्षणी अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानं मोठ्या भांड्यात पाणी उकळलं, मूठभर मीठ टाकलं, शेवया सोडल्या आणि घड्याळ लावलं नऊ मिनिटांचं. कारण आयुष्यभर त्यानं नऊ मिनिटांचंच लावलं होतं.

नऊ मिनिटांनी भांड्यात हिरवट पाणी होतं. तळाशी आणखी काहीतरी होतं, पण त्याला नाव द्यायला त्याची जीभ धजेना.

त्याची बायको रोझाल्बा पोस्टातून तेवढ्यातच आली. पोस्टात ती खिडकीवर बसायची आणि माणसाच्या सहीवरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं.

"सूप केलंस? छान झालं."

ते 'छान' कातेल्लोला अंगठ्याहून जास्त झोंबलं.

त्याच्या गुडघ्याची एक अडचण अशी, की चढताना तिसऱ्या मजल्यावर त्याला थांबावंच लागायचं, आणि तिसऱ्या मजल्यावर नेमकं प्रोफेसर लांबियासे यांचं दार होतं. प्रोफेसर चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दाराच्या छिद्राला डोळा लावून वर्गाची वाट बघत होते. कातेल्लो धापा टाकायला लागला की दार उघडायचं.

"ऐकलं मी. उकळलीत म्हणे!"

"कुणी सांगितलं?"

"खिडक्या उघड्या आहेत, डॉन कातेल्लो, उन्हाळा आहे. हे बघा, झुकिनीत पंचाण्णव टक्के पाणी असतं. पाणी हा तुमचा शत्रू. मीठ लावायचं, अर्धा तास ठेवायचं आणि मग कापडात घालून पिळायचं. निर्दयपणे! आणि खाताना डोळे बंद ठेवायचे. डोळे चुगली करतात."

कातेल्लोनं मीठ लावलं, अर्धा तास ठेवलं. मग कापड शोधायला लागला. स्वयंपाकघरातली फडकी रोझाल्बानं धुवायला टाकली होती, म्हणून त्यानं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक जाडसर, सुरेख टॉवेल काढला आणि त्यात झुकिनी घालून निर्दयपणे पिळली.

त्या टॉवेलाबद्दल थोडं. बारा टॉवेलांचा तो संच सासूबाईंनी, म्हणजे दोन्ना एर्सिलियांनी, मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या हातानं विणून, भरून दिला होता. बत्तीस वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. तो वापरायचा नव्हताच. तो असायचा होता. आता त्यातला एक टॉवेल हिरवा झाला. कातेल्लोनं तो घाईघाईनं धुतला आणि गॅलरीतल्या दोरीवर घातला. बरोबर दोन मजले खाली दोन्ना एर्सिलिया आपल्या गॅलरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. टॉवेलातला पहिला हिरवा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

त्या वर आल्या. वय ब्याऐंशी, पण संतापाला पायऱ्या लागत नाहीत.

"माझ्या भरतकामात भाजी पिळलीस? त्या कोपऱ्यातल्या गुलाबाला मला अकरा दिवस लागले होते, कातेल्लो! अकरा!"

"आई, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून—"

"डॉक्टरांनी माझा टॉवेल सांगितला?" मग त्यांची नजर ताटाकडे गेली. ताटात पिळलेल्या, चोथा झालेल्या शेवयांवर टोमॅटोचा रस घसरत होता. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे तुला रोझाल्बानं वाढलं?"

"मीच केलं."

"म्हणजे ती तुला वाढत नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "कधीपासून चाललंय हे तुमचं?"

अर्ध्या तासानं, झुकिनी गार होऊन गोठल्यावर, त्या खाली गेल्या त्या एवढं पक्कं मनात धरून की मुलीच्या संसारात काहीतरी बिनसलंय आणि जावई पांघरूण घालतोय. खाली जाताना स्वतःचं दार मागे टाकून त्या पहिल्या मजल्यावरच्या सिन्योरा कुकुरुल्लोकडे पाणी प्यायला थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी नव्हतं असं नाही.

यानंतर इमारतीत ज्याला त्याला कातेल्लोच्या ताटात रस निर्माण झाला. कुणी म्हणालं गाजर घ्या, गाजराला कणा असतो. गाजर घेतलं, ते चावता चावता एक दाढ हलली. कुणी म्हणालं लसान्याच्या पट्ट्यांऐवजी वांग्याचे काप लावा. वांग्यानं तेल असं प्यायलं की आहारतज्ज्ञ पोरीनं हिशेब करून सांगितलं, याच्यापेक्षा लसान्या परवडला असता. प्रोफेसरांच्या सांगण्यावरून कोबीची पानं झाली, लाल भोपळ्याचे नळकांड्यासारखे तुकडे झाले. प्रत्येक जेवणानंतर कातेल्लो ताटापुढे तसाच बसून राहायचा, जसा एखादा माणूस गाडी निघून गेल्यावरही फलाटावर उभा असतो. पोट भरलेलं असायचं. पण जेवण व्हायचं बाकी आहे, असं त्याला सारखं वाटायचं.

वजन मात्र उतरत होतं. जूनअखेर एकशे दोन.

मग तो रविवार आला. तोर्रेपियानात रविवारी सकाळी आठला प्रत्येक घरात कांदा पडतो, मांस परततं, आणि पाच तास मंद आचेवर टोमॅटो-मांसाचा रस्सा, रागू, रटरटत राहतो. त्यात झिती, म्हणजे लांब पोकळ नळ्यांचा पास्ता, हातानं मोडून घालून दुपारी दीडला गाव जेवायला बसतं. त्या दिवशी रोझाल्बाला नवऱ्याची दया आली. "तुझ्या नाकाखाली पाच तास रागू ठेवायला मी काय सैतान आहे?" ती म्हणाली आणि तिनं शेगडी पेटवलीच नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. चौथ्या मजल्यावरून वास येईना.

बारा वाजता दार वाजलं. दारात सिन्योरा कुकुरुल्लो नखशिखान्त काळ्या कपड्यांत उभ्या होत्या. हातात पांढऱ्या फडक्यानं झाकलेला भला मोठा ट्रे, आणि मागे प्रोफेसर लांबियासे, काळा टाय बांधलेले, कॉफीचा थर्मास छातीशी धरून. या भागात कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही आणि शेजारी जेवण घेऊन येतात, ही रीत आहे. शेजाऱ्यांनी चूल पेटली नाही एवढं पाहिलं, आणि उरलेलं त्यांचं त्यांनी जुळवलं.

सिन्योरा कुकुरुल्लोंनी ट्रे ठेवला आणि कातेल्लोला छातीशी धरलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही हो, सिन्योरा. माझं वजन—"

"बोलू नका. आधी खा. रडायला ताकद लागते."

प्रोफेसर घरात कोण आहे आणि कोण नाही, हे नजरेनं मोजत होते. रोझाल्बा आतून हात पुसत बाहेर आली तसा त्यांचा हिशेब चुकला. तेवढ्यात दोन्ना एर्सिलिया वर आल्या. जिन्यात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कुकुरुल्लोबाई काळे कपडे घालून तुमच्या मुलीकडे गेल्या. गेल्या पंधरा दिवसांत जावयाच्या गालांची हाडं त्यांनी पाहिली होती. त्यांनी उंबऱ्यावरच हंबरडा फोडला.

"कातेल्लो! अरे माझ्या लेकरा! गवत खाऊन गेलास रे!"

"आई, मी इथे आहे," कातेल्लो टेबलापाशी उभा राहून म्हणाला.

त्यांनी त्याला नीट पाहिलं. हंबरडा थांबला, पण तो जिथून निघाला होता तिथे परत कसा न्यायचा हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी त्याचा संताप केला.

"मग असा पांढराफटक होऊन उभा का राहतोस लोकांसमोर! बस खाली. जेव!"

दुःखाच्या घरी आलेलं ताट परत पाठवलं तर आणणाऱ्याच्या घरावर ते उलटतं. असं सिन्योरा कुकुरुल्लोंनी सांगितलं आणि त्यांची दोन नातवंडं लहान होती. फडकं निघालं. खाली भाजलेला पास्ता होता, वर चीज करपून सोनेरी झालेलं, आत मांसाचे लहान लहान गोळे आणि उकडलेली अंडी. कातेल्लोनं पहिला घास घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून सगळ्यांना बरं वाटलं. कारण कुणीतरी रडायला हवंच होतं. त्यानं तीनदा वाढून घेतलं. सोमवारी वजन एक किलो नऊशे ग्रॅमनं वर गेलं होतं.

पुढच्या रविवारपासून इमारतीच्या शांततेसाठी रोझाल्बानं रागू पुन्हा सुरू केला. झिती तिच्या ताटात, आणि समोर कातेल्लोच्या ताटात झुकिनी.

घरचं हे असं. कारखान्यातलं संकट मात्र कातेल्लोनं स्वतःच्या हुशारीनं ओढवून घेतलं. आहारतज्ज्ञ पोरीनं एकदा विचारलं, रोज अकरा वाजता तुम्ही चव घेता ती किती? त्यानं सांगितलं, चार-पाच प्रकार, प्रत्येकी दोन-तीन नग. पोरीनं पेन खाली ठेवलं. "सिन्योर इंपारातो, म्हणजे रोज शंभर ग्रॅम पास्ता तुम्ही ऑफिसच्या वेळेत खाता."

दुसऱ्या दिवसापासून कातेल्लो चावायचा, डोळे मिटायचा, निकाल द्यायचा, आणि खोकल्याचं निमित्त करून तोंडातलं सगळं रुमालात घ्यायचा. रुमाल खिशात. दुपारी खोकी ठेवायच्या खोलीमागे कबुतरं असत, त्यांना तो सगळं घालायचा. महिनाभर हे बिनबोभाट चाललं. कबुतरं उडेनाशी झाली एवढाच काय तो फरक.

जुलैच्या शेवटी जर्मनीहून मोठी गिऱ्हाइकं आली. कारखान्याचे मालक डॉन प्रिस्को, चौथ्या पिढीचे, पांढऱ्या सुटात. चव घ्यायची खोली तापलेली. डॉन प्रिस्कोंनी पाहुण्यांना कातेल्लोचे दात दाखवल्यासारखं करून सांगितलं, "हा आमचा माणूस. याच्या तोंडात आमची अब्रू आहे."

कातेल्लोनं चावलं, डोळे मिटले, मान हलवली, खोकला. अब्रू रुमालात गेली, रुमाल खिशात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी त्याला काही विचारलं, दुभाष्यानं ते सांगितलं, आणि कातेल्लो उत्तर देण्याआधी कपाळावरचा घाम पुसायला गेला. त्यानं रुमाल काढला आणि ऐटीत झटकला.

पाच रिगातोनी, पास्त्याच्या जाड आखूड नळ्या. दोन टेबलावर पडल्या, एक जर्मन साहेबाच्या वहीवर, एक फरशीवर. आणि एक, अर्धी चावलेली, डॉन प्रिस्कोंच्या पांढऱ्या बाहीवर जाऊन चिकटली.

दुभाष्याला काही काम उरलं नाही.

पाहुणे गेल्यावर डॉन प्रिस्कोंनी त्याला समोर बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सव्वीस वर्षं, कातेल्लो. माझ्या बापानं तुला आणलं. आणि तू आमचा माल थुंकतोस?"

"डॉन प्रिस्को, डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांनी श्वास घेऊ नका म्हटलं असतं तर?"

"गुडघ्याचं ऑपरेशन आहे हो."

"गुडघ्यानं चावतोस?"

"मग घरी काय खातोस?" डॉन प्रिस्कोंनी विचारलं. दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा पास्ता खातो असं सांगितलं असतं तर कदाचित मालकांना ते समजून घेता आलं असतं. कातेल्लोनं खरं सांगितलं. डॉन प्रिस्कोंनी बाहीवरचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाले, "खोक्यांच्या गोदामात जा. खोकी नीट चिकटलीत का बघ. तिथे तोंडाचं काम नाही."

गोदाम दोनशे पावलं लांब होतं आणि त्यात खुर्ची नव्हती. कातेल्लो सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकी बघत चालायचा. रोज अकरा वाजता भिंतीपलीकडून उकळत्या पाण्याची शिट्टी ऐकू यायची. त्याच्या जागी आता ज्याला घेतलं होतं, तो सिगारेट ओढायचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या जिभेला कोंड्यात आणि रव्यात फरक कळत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिट्टी ऐकली की कातेल्लोची पावलं आपोआप जोरात पडायची, आणि दुसऱ्या टोकाला पोचल्यावर आपण तिथे कशासाठी आलो, हे त्याला आठवायचं नाही.

ऑगस्टअखेर घरच्या काट्यावर पंचाण्णवला तीनशे ग्रॅम कमी.

तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईनं सांगितलं की घरचा काटा चालत नाही. तालुक्याच्या आरोग्य कचेरीतला दाखला लागतो. कचेरीतला काटा बिघडला होता आणि दुरुस्तीला गेला होता. कधी येणार हे ज्याला माहीत, तो सुट्टीवर समुद्रावर होता. औषधाच्या दुकानातल्या काट्याची चिठ्ठी? तिच्यावर शिक्का नाही. शेवटी प्रोफेसर लांबियासे म्हणाले, शिक्का असलेला काटा हवा ना, तुमच्या कारखान्यात गव्हाची पोती तोलायचा सरकारी शिक्क्याचा काटा आहे की! कातेल्लो जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यावर उभा राहिला. काट्याखालून आपोआप छापील पावती आली: 'कठीण गहू, नग एक, निव्वळ वजन ९४.७'. ती त्यानं खिडकीवर दिली. बाईनं पावती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हा गहू कोण?"

"मी."

"तुमचं नाव कुठे आहे यात?"

नाव नव्हतं. "बारा तारखेला सर्जन स्वतः तोलतील," बाई म्हणाली. "हे आधीच विचारायचं होतंत."

बारा सप्टेंबरला रोझाल्बानं पोस्टातून रजा घेतली आणि त्याला गाडीनं दवाखान्यात नेलं. दोन्ना एर्सिलियांनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं की ऑपरेशन होऊन पोरगा घरी आला की त्या स्वतः झिती मोडायला वर येतील. रात्रभर कातेल्लोला फक्त झिती मोडल्याचा कडकड आवाज ऐकू येत होता. गुडघ्यावर चाकू चालणार याची भीती त्याला केव्हाच उरली नव्हती. ऑपरेशन म्हणजे दार होतं. त्याच्या पलीकडे ताट मांडलेलं होतं.

काट्यानं चौऱ्याण्णव किलो दोनशे ग्रॅम दाखवले. सर्जननं त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मग म्हणाले, "जरा चालून दाखवा."

कातेल्लो चालला.

"बसा. उठा. पुन्हा बसा. खुर्चीला न धरता उठा." सर्जननं गुडघा दाबला, वाकवला, फोटो दिव्यावर धरला. "हल्ली खूप चालता का?"

"गोदामात असतो. खुर्ची नाही."

"वा!" सर्जन म्हणाले. "मांडीचे स्नायू बघा, काय झालेत! बारा किलोचं ओझं गेलं, गुडघा मोकळा झाला. दुखतो का?"

कातेल्लोनं प्रामाणिकपणे विचार केला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. गेला महिनाभर तो तिसऱ्या मजल्यावर थांबलाच नव्हता. प्रोफेसरांचं दार उघडायच्या आत तो पुढे गेलेला असायचा, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"दुखतो," तो घाईनं म्हणाला. "भयंकर दुखतो. हे बघा!" आणि तो उठून दोन पावलं जीवघेणा लंगडला.

"सिन्योर इंपारातो," सर्जन हळूच म्हणाले, "आपला उजवा होता."

त्यांनी यादीत रेघ मारली. "कशाला कापायचं उगीच? तुम्ही स्वतःच बरे झालात. जे खाताय ते फक्त असंच चालू ठेवा."

"किती दिवस?"

सर्जनना प्रश्न कळला नाही. "दिवस कसले? आता कायमच. वजन परत वाढलं की गुडघा गेलाच म्हणून समजा."

खिडकीवरच्या बाईनं एक अर्ज पुढे केला. 'मी स्वखुशीनं माझं नाव मागे घेत आहे' असं त्यावर छापलेलं होतं. 'स्वखुशीनं' हा शब्द खोडता येईल का, असं कातेल्लोनं विचारलं. बाई म्हणाली, खोडलं तर अर्ज बाद होतो. त्यानं सही केली.

रोझाल्बा गाडीत वाट बघत होती. त्यानं दार उघडलं, आत बसला, पट्टा लावला.

"कधी बोलावलंय?"

"नाही बोलावलं. गुडघा बरा झाला म्हणाले."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ही पोस्टातली बाई, हिला सहीसुद्धा लागली नाही.

"म्हणजे हे खाणं..."

"कायम."

तिनं गाडी सुरू केली, आणि घराकडे न वळता बाजाराकडे वळवली. भाजीच्या गाड्यापाशी थांबून उतरली. कातेल्लो काचेतून बघत होता. भाजीवाल्यानं सवयीनं दोन किलो झुकिनी पिशवीत टाकली. तिनं हातानं आणखी टाक अशी खूण केली. चार किलो झाली तेव्हा कुठे ती थांबली.

पिशवी त्याच्या मांडीवर ठेवून ती आत बसली. "आजपासून मी पण हेच खाणार," ती म्हणाली. डोळे समोर रस्त्याकडे होते आणि नाक लाल झालं होतं. "तुझ्यासमोर बसून मी एकटीनं झिती खायची, आणि तू हे चिवडत बसायचं. सगळा उन्हाळा कसा काढला माझं मला माहीत. माझ्याच्यानं आता नाही होणार. आपण दोघं एकच खाऊ."

बत्तीस वर्षांच्या संसारात त्याच्यावर इतकं प्रेम तिनं कधी केलं नव्हतं, हे कातेल्लोला कळत होतं. तिचा हात हातात घ्यावा, असंही वाटत होतं. पण हात काही पुढे होईना. कारण जून महिन्यापासून तो तगला होता तो झुकिनीवर नाही. समोरच्या ताटातली झिती काट्यावर कशी चढते, तिच्या ओठांशी रागूचा थेंब कसा थांबतो, शेवटचा नग ती ताटातल्या रसातून कसा फिरवते, हे सगळं तो दर रविवारी, घासागणिक, डोळ्यांनी जेवला होता.

"काय झालं?" रोझाल्बानं विचारलं.

"काही नाही," कातेल्लो म्हणाला, आणि चार किलोंची पिशवी त्यानं दोन्ही हातांनी धरली.